जबड्यातील गाठ : खरवडण्यापूर्वी तिचे नाव विचारा

पाचपाखाडी | ४ फेब्रुवारी, रात्री ९.४०

माझ्या धाकट्या भावाच्या जबड्यातून गेल्या वर्षी अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ काढली. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या हातून जे निसटले ते नेमके कोणत्या दिवशी आणि कोणत्या खोलीत निसटले, हे आता मला सांगता येते.

भाऊ २७ वर्षांचा असून वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. साडेतीन वर्षांपूर्वी खालची डावी अक्कलदाढ दुखू लागली म्हणून आम्ही घराजवळच्या दवाखान्यात गेलो. एक्स-रेमध्ये दाढ हाडात आडवी झोपलेली दिसत होती आणि तिच्या माथ्याभोवती सुपारीएवढी काळी पोकळी होती. ‘सिस्ट, म्हणजे हाडातली पाण्याची पिशवी आहे, दाढेबरोबर खरवडून काढू,’ असे सांगण्यात आले आणि त्याच दुपारी ते कामही झाले. मी खुर्चीशेजारीच उभी होते. स्टीलच्या ट्रेमध्ये दाढेचे दोन तुकडे पडले होते आणि त्यांच्याशेजारी ओल्या कागदासारखी दिसणारी फिकट गुलाबी पिशवी होती. दाढेचे तुकडे भावाने आठवण म्हणून मागून घेतले. ती पिशवी मात्र कापसाच्या बोळ्यांबरोबर बादलीत गेली. ती तपासणीला पाठवायची असते हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी पाठवली नाही.

तीन वर्षांनी गालाचा खालचा भाग भरल्यासारखा दिसू लागला. दुखत काहीच नव्हते, त्यामुळे आणखी चार महिने गेले. नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे गुटखा कधीपासून खातो? भावाने आयुष्यात सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकलेले नाही. शेवटी दोन दाढा हलू लागल्या तेव्हा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे काढला. त्यात पुढच्या लहान दाढेपासून कानाकडे चढणाऱ्या हाडापर्यंत साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसत होते आणि दाढांची मुळे सुरीने कापल्यासारखी अर्ध्यावर संपली होती. मग बायोप्सी झाली आणि प्रथमच आजाराचे नाव कागदावर आले.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. डाव्या जबड्याचा मोठा तुकडा काढून त्या जागी पायातले फिब्युला हे हाड रक्तवाहिन्यांसकट आणून बसवले. खालच्या ओठाच्या डाव्या बाजूची संवेदना कायमची गेली आहे. गाठ कर्करोगाची नव्हती, तरी इतके करावे लागले. माझा प्रश्न असा आहे की ती पिशवी त्या दिवशी तपासली असती, तर काही वेगळे घडले असते का?

काचपट्टी | ४ फेब्रुवारी, रात्री ११.१५

ताई, मी मुखविकृतिशास्त्र, म्हणजे तोंडातल्या आजारांच्या ऊतकांची तपासणी शिकवतो आणि माझा दिवस सूक्ष्मदर्शकासमोर जातो. तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की बहुधा बराच फरक पडला असता. मात्र त्या वेळी गाठ कोणत्या प्रकारची होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि त्या बादलीने केलेले खरे नुकसान हेच आहे.

दात तयार होत असताना त्याच्यावर एनॅमल चढवण्यासाठी पेशींची एक रांग तयार होते. दात उगवल्यानंतर त्या पेशींचे अवशेष हिरड्यांत आणि हाडात तसेच राहतात, आणि क्वचित एखाद्याच्या जबड्यात ते पुन्हा वाढू लागतात. काचपट्टीवर पाहिले की गाठीच्या प्रत्येक बेटाच्या काठाला उंच पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने उभ्या असतात. त्यांची केंद्रके तळापासून दूर सरकलेली दिसतात आणि मधल्या भागात ताऱ्यांसारख्या विरळ पेशी असतात. गर्भातल्या दाताच्या कळीतही रचना अशीच असते, फक्त इथे एनॅमल कधीच तयार होत नाही. या गाठीला १८८५ मध्ये अ‍ॅडमँटिनोमा म्हणत आणि अमेलोब्लास्टोमा हे नाव १९३० पासूनचे आहे. दर वर्षी दहा लाख लोकांमागे एकालाही ती होत नाही. त्यामुळे गल्लीतल्या दंतवैद्याने उभ्या कारकिर्दीत एखादीच पाहिली असेल, किंवा एकही पाहिली नसेल. हे मी त्यांचा बचाव म्हणून सांगत नाही. जे क्वचित दिसते ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून तर काढलेला प्रत्येक ऊतक-तुकडा फॉर्मालिन या ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात टाकून तपासणीला पाठवायचा असतो.

ही गाठ सौम्य, म्हणजे कर्करोगाची नसलेली असली तरी एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या कडेपाशी ती थांबत नाही. हाडाच्या जाळीदार पोकळ्यांतून ती त्या कडेच्या पुढे २ ते ८ मिलिमीटर शिरलेली असते. खरवडताना हाताला जे मऊ लागते ते निघून येते आणि जाळीत शिरलेल्या पेशी मागे राहतात. रूढ, म्हणजे नेहमी आढळणाऱ्या प्रकारच्या गाठी नुसत्या खरवडल्या, तर त्यांतल्या निम्म्याहून अधिक परत येतात, आणि कधीकधी त्यासाठी दहा वर्षेही लागतात. म्हणूनच दिसणाऱ्या कडेच्या पुढे १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडासकट ती काढतात.

याउलट एककोष्ठी, म्हणजे एकाच पोकळीचा प्रकार असतो. तो बहुधा विशीच्या आत-बाहेर, अडकलेल्या अक्कलदाढेभोवती, साध्या सिस्टच्या रूपात दिसतो. गाठीच्या पेशी पोकळीच्या अस्तरापुरत्याच असतील तर मर्यादित शस्त्रक्रिया पुरेशी ठरू शकते. त्या भिंतीत शिरल्या असतील तर रूढ प्रकारासारखेच वागावे लागते. तुमच्या भावाची सुरुवातीची गाठ यांपैकी कोणती होती, याचे उत्तर त्या पिशवीत होते.

तंबाखूचा या गाठीशी संबंध नाही, हे नातेवाइकांना ठामपणे सांगा. योगायोगाने एक गोष्ट आठवली. डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांनी १९५५ मध्ये दाताच्या अवशेषांपासून होणाऱ्या आणखी एका दुर्मीळ गाठीचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. हेच पिंडबोर्ग पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांबरोबर काम करत होते. त्यांनी मिळून भारतातल्या ५०,९१५ खेडुतांची तोंडे तपासली आणि तंबाखूच्या दुष्परिणामांवरचे ते काम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच माणसाने दोन्ही आजार पाहिले, पण त्यांची कधी गल्लत केली नाही.

ऐरोलीची_आई | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

आमची उलटी बाजूही नोंदवते, कारण हा धागा वाचून एखादी आई रात्रभर जागी राहील. माझी मुलगी १४ वर्षांची असताना तिचा वरचा सुळा उगवत नव्हता आणि नाकाशेजारी गाल फुगला होता. स्कॅनमध्ये सुळ्याला पूर्ण वेढणारी काळी पिशवी होती आणि तिच्या आत मिठाचे कण भुरभुरावेत तसे पांढरे ठिपके होते. बायोप्सीचे उत्तर आले ते ‘अ‍ॅडिनोमॅटॉइड ओडोंटोजेनिक ट्यूमर’. ट्यूमर हा शब्द वाचून माझे पाय गळाले.

शस्त्रक्रियेत ती गाठ सोलल्यासारखी अखंड निघाली, तिला जाड वेष्टन होते. सुळा गमवावा लागला, पण हाड कापावे लागले नाही. आता सहा वर्षे झाली आहेत आणि त्या जागी हाड पूर्ण भरले आहे.

काचपट्टी | ५ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

अगदी योग्य उदाहरण आहे. या गाठीला पूर्वी अ‍ॅडिनोअमेलोब्लास्टोमा म्हणत, आणि केवळ नावातल्या त्या साम्यामुळे काही मुलांचे जबडे विनाकारण कापले गेले. ही सुमारे दोन तृतीयांश वेळा वरच्या जबड्यात, दोन तृतीयांश वेळा मुलींना आणि दोन तृतीयांश वेळा अडकलेल्या सुळ्याभोवती होते, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. ती सहसा परत येत नाही. कमी उपचाराने जेवढे नुकसान होते तेवढेच अधिक उपचारानेही होते, आणि या दोन्हींपासून वाचवणारा कागद एकच असतो, तो म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट.

शंका_आहे | ५ फेब्रुवारी, दुपारी १.३०

गाठ सौम्य असताना अर्धा जबडा काढणे मला पटत नाही. आता जनुकांवर चालणाऱ्या गोळ्या आल्या आहेत असे वाचले. शल्यचिकित्सकांना शस्त्रक्रियेपलीकडे दुसरे काही सुचत नाही का?

काचपट्टी | ५ फेब्रुवारी, रात्री १०.२०

प्रश्न रास्त आहे आणि तो रुग्णांनी विचारलाच पाहिजे. अमेलोब्लास्टोमाच्या अनेक गाठींमध्ये, विशेषतः खालच्या जबड्यातल्या गाठींमध्ये, बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हा बदल असतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वरच्या जबड्यात एसएमओ या दुसऱ्या जनुकातले बदल अधिक आढळतात. पहिल्या बदलावर चालणाऱ्या डॅब्राफेनिबसारख्या गोळ्या मूळच्या मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी तयार झाल्या होत्या. त्या दिल्यावर काही रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या आहेत. जिथे गाठ कवटीच्या तळापर्यंत गेली आहे, दूर पसरली आहे किंवा वारंवार परतली आहे, तिथे त्यांचा विचार होतो. पण गोळ्या थांबवल्यावर पुढे काय, त्या किती काळ द्यायच्या आणि त्यांचा खर्च कोण उचलणार, हे प्रश्न मोठे आहेत. २७ वर्षांच्या माणसाची जबड्यापुरती गाठ पूर्ण काढता येत असताना आज तरी शस्त्रक्रियाच पहिली ठरते.

शिवाय वरच्या जबड्यातली गाठ मागे राहिली तर तिला डोळ्याच्या खोबणीकडे आणि मेंदूच्या तळाकडे जायला वाट मोकळी असते, कारण तिथले हाड पातळ आणि सच्छिद्र असते. त्या ठिकाणी ‘थोडे थांबून पाहू’ हा सल्ला फार महाग पडतो.

वाशी_खाडी | ६ फेब्रुवारी, रात्री ८.४५

मला ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट, म्हणजे दाताच्या अवशेषांपासून होणारा जबड्यातला सिस्ट आहे. माझ्या २००९ च्या रिपोर्टवर त्याच आजाराला ट्यूमर म्हटले आहे आणि २०१९ च्या रिपोर्टवर सिस्ट. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मला वाटले की कोणीतरी चूक केली आहे. नंतर समजले की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने २००५ मध्ये याला ट्यूमरांत टाकले होते आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणले. आजार मात्र तोच होता.

हा हाडाच्या पोकळीतून लांबच्या लांब सरकतो. गाल फुगत नाही, त्यामुळे बाहेरून कळतच नाही. माझा पहिल्यांदा ब्रेसेससाठी काढलेल्या ओपीजीत योगायोगाने दिसला. पहिली शस्त्रक्रिया झाली आणि दहा वर्षांनी तो परत आला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आधी सिस्टला छोटी खिडकी पाडून तिच्यात नळीचा तुकडा शिवला. आठ महिने मी रोज सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभा राहून सिरिंजने त्या नळीत सलाइन सोडत असे. सुरुवातीला दह्याच्या कवडीसारखे पांढरे कण बाहेर येत, पुढे पुढे पाणी स्वच्छ येऊ लागले. सिस्ट आकसून ओठाच्या नसेपासून दूर गेला, मग उरलेला भाग काढला. नस वाचली. त्यासाठी त्या आठ महिन्यांचा कंटाळा सोसणे सार्थकी लागले.

काचपट्टी | ६ फेब्रुवारी, रात्री ९.३०

ज्यांच्या जबड्यात असे एकाहून अधिक सिस्ट असतील, किंवा ज्यांना लहान वयातच ते झाले असतील, त्यांनी गोर्लिन-गोल्ट्झ सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी. त्यात पीटीसीएच१ या जनुकात दोष असतो. छातीच्या एक्स-रेमध्ये दुभंगलेली बरगडी दिसू शकते आणि पुढे त्वचेचे कर्करोग होऊ शकतात, म्हणून भावंडांना आणि मुलांनाही तपासावे लागते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. खालचा ओठ किंवा हनुवटी कोणत्याही दंतकारणाशिवाय बधिर झाली, तर ती सौम्य गाठ समजून थांबू नये. जबड्याच्या हाडाचा सार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, हा हातापायांच्या सार्कोमापेक्षा साधारण दहा वर्षे उशिरा, म्हणजे तिशी-चाळिशीत दिसतो. एखाद्या दाताच्या मुळाभोवतीची काळी रेषा दोन्ही बाजूंनी सारखी रुंद होणे, ही त्याची सुरुवातीची खूण असू शकते. तो दात हलतो म्हणून काढला जातो आणि महिने वाया जातात. टाळूवरची न दुखणारी टणक गाठ हीसुद्धा लाळेच्या छोट्या ग्रंथींची असू शकते, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या घातक असतात.

पाचपाखाडी | ७ फेब्रुवारी, रात्री १०.००

आता मन थोडे स्थिर झाले आहे. शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्यांसाठी प्रत्यक्षातले काही लिहिते.

आधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी होते, कारण हाड तिथून घ्यायचे असते. भावाच्या सीटी स्कॅनवरून जबड्याची प्लास्टिकची प्रतिकृती छापली होती आणि प्लेट आदल्या दिवशीच तिच्यावर वाकवून ठेवली होती. पहिले तीन दिवस परिचारिका दर तासाला पेन्सिलएवढे डॉपलर लावून नव्या हाडाचा रक्तप्रवाह ऐकत असे. आम्हा सगळ्यांचे कान त्या ‘फुस्‌ फुस्‌’ आवाजाकडे असत. एकदा पहाटे तो लगेच सापडला नाही. तिने टोक जरा सरकवले आणि आवाज आला, तोवर मी पलंगाची कड घट्ट धरून उभी होते.

नाकातली नळी बाराव्या दिवशी निघाली. पातळ आहार सहा आठवडे चालला. पायाबद्दल आम्ही फार घाबरलो होतो, पण शरीराचे वजन मुख्यतः शेजारचे जाड हाड पेलते आणि घोट्याजवळचा फिब्युलाचा भाग तसाच ठेवतात. दोन महिन्यांत तो कोपरी पुलावरून चालत स्टेशनला जाऊ लागला. तोंड उघडण्याचा व्यायाम मात्र चुकवू नये, एक आठवडा चुकला तरी दोन बोटांचे अंतर एका बोटावर येते. नव्या हाडात पुढे दातांचे इम्प्लांट बसवता येतील असे सांगितले आहे.

काचेच्या पट्ट्या आणि गाठीचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे आम्ही रुग्णालयातून मागून घेतले आणि दुसऱ्या मतासाठी खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेकमध्ये नेले. रिपोर्टच्या झेरॉक्सवर दुसरे मत मिळत नाही, त्यांना मूळ ठोकळे पाहावे लागतात.

घणसोलीकर | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६.२०

माझ्या आईचे वय ५४ आहे. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला गाठ आहे. बायोप्सीत ‘जायंट सेल लीजन’ (मोठ्या आकाराच्या पेशी असलेली गाठ) आले आहे आणि पुढच्या गुरुवारी ती काढण्याची तारीख मिळाली आहे. धागा वाचून विचारावेसे वाटले की नाव कळल्यावर आणखी काही पाहायचे राहते का?

काचपट्टी | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४०

राहते, आणि गुरुवारच्या आधीच पाहावे लागेल. आईंना मूतखडा, हाडे दुखणे, बद्धकोष्ठता किंवा खूप तहान असे काही आहे का? या गाठी सहसा तिशीच्या आत दिसतात. या वयात तशी गाठ दिसली तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा विचार आधी करावा लागतो. त्यांचे संप्रेरक वाढले की हाडातले कॅल्शियम ओढले जाते आणि जबड्यात ‘ब्राउन ट्यूमर’ होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो आणि साधी जायंट सेल गाठ यांत फरक करता येत नाही, तो रक्तात दिसतो. रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन या तपासण्या करून घ्या आणि ते निकाल तुमच्या शल्यचिकित्सकांना दाखवून मगच तारीख नक्की करा.

घणसोलीकर | १३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

आईला तीन वर्षांत दोनदा मूतखडा झाला होता. कॅल्शियम १२.४, म्हणजे वाढलेले आले आहे आणि हार्मोन सामान्य मर्यादेच्या कितीतरी पट आहे. जबड्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी स्वतःच पुढे ढकलली आणि आम्हाला अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे पाठवले. आईला समजावणे कठीण जात आहे, गाठ हनुवटीत असताना गळा का तपासायचा, असे ती विचारते.

घणसोलीकर | १६ डिसेंबर, रात्री ८.३०

बरेच महिने लिहायचे राहिले. मार्चमध्ये स्कॅनमध्ये उजव्या बाजूच्या खालच्या पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ सापडली आणि ती काढली. ती जेमतेम शेंगदाण्याएवढी होती. पहिले काही दिवस कॅल्शियम एकदम खाली गेले, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येत होत्या, म्हणून शिरेतून कॅल्शियम द्यावे लागले. जबड्याला कोणी हातही लावलेला नाही. कालच्या ओपीजीत फेब्रुवारीतल्या काळ्या जागेचा बहुतेक भाग पांढरा झाला आहे आणि हलणारे दोन दात घट्ट बसले आहेत.

काचपट्टी | १६ डिसेंबर, रात्री १०.०५

वाचून फार समाधान वाटले. एक प्रश्न राहिला आहे. पॅराथायरॉइड आणि जबडा या दोहोंच्या गाठी एकत्र चालणारा आनुवंशिक प्रकारही असतो. आईंच्या वयात त्याची शक्यता कमी आहे, पण त्यांच्या भावंडांपैकी कोणाला मूतखड्याचा त्रास आहे का?

घणसोलीकर | १६ डिसेंबर, रात्री १०.३०

धाकट्या मामांना आहे. ते कळव्याला राहतात. उद्या सकाळी उपाशीपोटी त्यांना रक्त द्यायला घेऊन जातो.